व्यंकटी पेंटरच्या चार ओळी

औशाच्या बसस्टँडसमोर, पानाच्या टपरीला लागून व्यंकटी पेंटरचं दुकान होतं. दुकान म्हणजे तीन बाजूंना पत्रे आणि पुढं ताडपत्री. लातूर वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी त्याला जेवायला फुरसत नव्हती. तालुक्यातल्या शाळा, सोसायट्या, ग्रामपंचायती, सगळ्यांच्या पाट्यांवर ‘जि. उस्मानाबाद’ होतं, ते खोडून ‘जि. लातूर’ करायचं होतं. उस्मानाबाद लांबलचक, लातूर आटोपशीर. पाटीच्या कडेला जागा उरायची. व्यंकटी तिथं एक फूल काढून द्यायचा. ग्रामपंचायतीच्या पाटीवर फूल कशाला, असं एका सरपंचानं विचारलं होतं, पण पुसायला लावलं नाही.

त्याचं अक्षर सुरेख होतं. शब्द मात्र त्याचे नसायचे. लोक कागदावर मजकूर आणायचे, तो रंगवून द्यायचा. ‘उधार मागून लाजवू नका’ असो की कुणाच्या निवडीबद्दलचं अभिनंदन असो, त्यात आपलं काही घालावं असं त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

वय पस्तिशीला आलेलं, लग्न झालेलं नव्हतं. दुष्काळात दोन बहिणींची लग्नं उरकली, त्यानंतर दोन वर्षांत बाप, लिंबाजी, गेला. मग दुकान टाकलं. स्थळं येत होती तेवढ्यात धाकटी बहीण चांगुणा माहेरी येऊन राहिली, आणि स्थळं यायची थांबली. घरात बहीण कामून बसलीय, हे येणारा पाहुणा विचारायचा आणि व्यंकटीला उत्तर देता यायचं नाही. लपवायचं होतं म्हणून नाही. त्यालाच ठाऊक नव्हतं.

झालं होतं ते असं. चांगुणाचा नवरा पिराजी मुदखेडला रेल्वेच्या गँगमध्ये कामाला. अडीच वर्षांमागं दिवाळीच्या सुमाराला तो तिला औशाला घेऊन आला, सासूच्या, पारूबाईच्या हातचं जेवला, चार दिवसांनी न्यायला येतो म्हणाला आणि गेला. आला नाही. भांडण नव्हतं. तो पिणारा नव्हता. दुसरी बाई केल्याचंही कुणी ऐकलं नव्हतं. तीन-चार महिने वाट पाहून व्यंकटी स्वतः मुदखेडला गेला. पिराजीनं त्याला खाटेवर बसवलं, स्टोव्हवर चहा केला, पारूबाईच्या गुडघ्यांची विचारपूस केली, दुकान कसं चाललंय विचारलं. निघताना व्यंकटीनं विषय काढला, तेव्हा मान खाली घालून म्हणाला, येतो की न्यायला. व्यंकटी परतला आणि घरी सगळ्यांना सांगितलं, येतो म्हणालेत. त्यानंतर आणखी दोन उन्हाळे गेले.

चांगुणा रडत बसली नाही. दुकानात यायला लागली. व्यंकटी अक्षरांच्या कडा आखायचा, ती आत रंग भरायची. हात इतका थिर की कडेबाहेर एक थेंब जायचा नाही. कुणी विचारलं, किती दिवस मुक्काम, तर म्हणायची, बघू. कपाळावर कुंकू होतं, गळ्यात काळी पोत होती.

थोरली बहीण महानंदा लातूरला. तिचा नवरा शेषेराव जिल्हा परिषदेत कारकून. आधी उस्मानाबादला होता, नवा जिल्हा झाल्यावर लातूरच्या नव्या कार्यालयात त्याला आणलं. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, दोन लेकरं. महानंदा बोलायला फटकळ, रागावली की भांडी आपटायची, आणि शेषेराव गालात हसत बसायचा. त्यांचं बरं चाललं होतं.

त्र्याऐंशीच्या एप्रिलअखेरीला शेषेराव कामानं औशाला आला आणि दुकानात डोकावला. त्याच्या साहेबांच्या घरी लग्नाचा वाढदिवस झाला होता. केक कापला. मग साहेबांचा भाऊ उभा राहिला आणि त्यानं साहेब आणि बाईसाहेबांविषयी लिहून आणलेलं काहीतरी वाचलं. ते ऐकून बाईसाहेब रडल्या, आणि साहेबसुद्धा चष्मा पुसत होते. शेषेरावानं घरी जाऊन हे सांगायची चूक केली, असं तो स्वतःच म्हणाला. महानंदानं हट्टच धरला. पंधरा मे ला आपल्या लग्नाला दहा वर्षं होतात, रविवार येतोय, आपणबी करायचं. केक नको, शिरा करू. पण दादानं आपल्यावर चार ओळी लिहायच्या, चांगल्या अक्षरात, आणि सगळ्यांपुढं वाचायच्या.

व्यंकटी म्हणाला, मजकूर कोण देणार?

शेषेराव म्हणाला, “दादा, मजकूर तुमीच लिव्हायचा हाय. तेच तर पाहिजेल तिला.”

चांगुणा मागं बसून ‘वि. का. स. सेवा सोसायटी’ भरत होती. तिनं मान वर केली नाही. शेषेरावाच्या तेव्हा लक्षात आलं असावं. तो चहा अर्धा ठेवून उठला. कारण पंधरा मे ही काही एकट्या महानंदाच्या लग्नाची तारीख नव्हती. दोघी बहिणींचं लग्न एकाच दिवशी, एकाच मांडवात लागलं होतं.

रात्री जेवताना व्यंकटीनं आईला सांगितलं. पारूबाईला आधी ते कळेचना. माणसाचा वाढदिवस असतो, लग्नाचा कसा असंल, म्हणाली. मग म्हणाली की लिही, लेक मागतेय तर. मग चांगुणा भांडी घासायला बाहेर गेल्यावर हळूच म्हणाली की नको लिहू. मग थोड्या वेळानं, जरा लहानसं लिही.

व्यंकटीनं प्रयत्न केला. आधी विरूपाक्ष गुरुजींना विचारलं. त्यांच्या शाळेची पाटी तो रंगवत होता. गुरुजींनी पाठीमागं हात बांधून दोन फेऱ्या मारून सांगितलं, लिही: आपले सहजीवन चंदनासम सुगंधित होवो, आपल्या संसारवेलीवर सौख्याची फुले उमलोत. व्यंकटीनं ते ड्रॉइंग शीटवर उतरवलं, निळ्या रंगात, लाल सावली देऊन. दिसायला देखणं झालं. मग लांब धरून वाचलं आणि त्याला वाटलं, हे कुणाचं आहे? महानंदा मागच्या महिन्यात शेषेरावाला लाटणं फेकून मारता मारता राहिली होती. चंदनाचं तिच्यापुढं वाचलं तर ती आधी हसेल आणि मग खरंच लाटणं फेकेल. त्यानं शीट उलटी करून ठेवली.

मग त्यानं स्वतःला आठवतंय ते लिहायचं ठरवलं. आठवण तर होतीच, कालची असल्यागत.

बाहत्तरचा दुष्काळ त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यापर्यंत लांबलेला. सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर. लिंबाजी, पारूबाई, तिन्ही लेकरं, सगळे माती उपसत. दोन सोयरिकी आधीच ठरलेल्या, आणि दोन मांडव घालायची ऐपत नव्हती म्हणून एकच घातला, तोही कामाच्या जागेवरच, कारण गावात कुणी उरलंच नव्हतं. मुकादमानं ताडपत्र्या दिल्या. टेबलावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर मांडली, मेणबत्त्या लावल्या. दोन नवऱ्या पांढऱ्या साड्यांत, डोक्यावरून पदर. त्रिशरण झालं, पंचशील झालं, आता हार घालायचे, तेवढ्यात वावटळ उठली. तलावातली सगळी भुकटी माती मांडवात आली. ताडपत्री उडाली. सगळी माणसं तिच्यामागं पळाली, कारण ती सरकारी होती. वारं पडल्यावर बघतात तर दोन्ही नवऱ्या हार घेऊन उभ्या, पण एकमेकींच्या नवऱ्यासमोर. डोळे मिटून कोण कुठं सरकलं, कुणालाच कळलं नव्हतं. आधी महानंदाला कळलं. तिनं पदराआडून बघितलं आणि तिला हसू फुटलं. मग चांगुणाला, मग शेषेरावाला, आणि पिराजी तर खोकेपर्यंत हसला. चौघांचे चेहरे मातीनं सारखेच झालेले. पारूबाईनं रागावून दोघींना दंडाला धरून जागेवर नेलं. मग हार घातले. जेवायला रेशनची तांबडी मिलो ज्वारी, तिची भाकर आणि पातळ वरण. लेकरांना कामावरची सुकडी.

हे त्यानं लिहिलं. लिहून झाल्यावर बघितलं तर त्यात चांगुणा होती. पिराजीही होता. तो भाग काढला, तर वावटळही काढावी लागली, कारण ते हसणं चौघांचं होतं. वावटळ काढली तर उरली मिलोची भाकर. ती तर चौघांनीच काय, चारशे माणसांनी खाल्ली होती. महानंदा आणि शेषेराव या दोघांचंच म्हणून त्या दिवसातलं काही वेगळं करता येईना.

लिहिलंय तसंच ठेवलं, तर चांगुणाला कसं वाटेल? आणि ती काय आहे आता? लग्नाची दहा वर्षं तिचीही होतात की नाही? नवरा मेलेला नाही, त्यानं सोडलेलं नाही, नेलेलंही नाही. तिला शुभेच्छा द्यायच्या की तिच्यासमोर ती तारीखच काढायची नाही? व्यंकटीनं चार शीटा खराब केल्या. टर्पेंटाइननं हात पुसून पुसून कातडी सोलवटली.

एका दुपारी चांगुणा दुकानात त्याच्याशेजारी बसून ब्रश धूत होती. शीट कोपऱ्यात उलटी करून ठेवली होती, पण तिनं ती कधीच वाचली असणार.

म्हणाली, “दादा, माझं नाव घालू नको त्याच्यात.”

व्यंकटीला सुटल्यासारखं झालं. तो म्हणाला, नाही घालत.

“पण मला सोडूनबी लिहू नको.”

“म्हणजे कसं लिहू मी?”

“ते मला काय मालूम. लिव्हून तू राहिलास.” आणि ब्रश झटकून ती पाटी भरायला बसली.

ती मस्करी करत नव्हती. मग तिचं म्हणणं काय होतं, हे त्यानं दोन दिवस डोक्यात फिरवलं. शेवटी जायच्या आदल्या सांजेला त्यानं पाचवी शीट घेतली आणि नावं न घालता लिहिलं. सगळीकडं नुसतं ‘तुम्ही’. तुम्ही म्हटलं की दोघंही येतात, चौघंही येतात. ही युक्ती म्हणून त्याला सुचली नव्हती; नावं घालायला हात धजावला नाही, एवढंच.

रविवारी सकाळच्या गाडीनं तिघं लातूरला गेले. महानंदानं दारात रांगोळी काढली होती. शेजारच्या दोन बाया, कार्यालयातले तीन-चार कारकून, लेकरं, एवढीच माणसं. पारूबाईनं लेकीला साडी दिली. चांगुणानं बहिणीला जवळ घेतलं आणि लगेच शिरा हलवायला चुलीपाशी गेली.

दहाच्या सुमाराला दारात पिराजी उभा.

धुतलेला पांढरा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत केळी. पायताण काढून तो चौकटीतच थांबला. महानंदा नवऱ्याकडं बघायला लागली आणि नवरा भिंतीकडं. नंतर कळलं की शेषेरावानंच बायकोला न सांगता त्याला कार्ड टाकलं होतं, की आपलं दोघांचं दहावं वर्ष आहे, या. येईल असं त्यालाही वाटलं नव्हतं.

जावई म्हणून उठून उभं राहावं की तोंड फिरवावं, हे कुणालाच उमगेना. पारूबाईच्या तोंडून सवयीनं निघालं, “गाडी येळेवर होती का?” पिराजी म्हणाला, होती. मग तिनं त्याला पाणी दिलं, आणि दिल्यावर आपण का दिलं म्हणून गोंधळून तांब्या हातातच धरून बसली. व्यंकटीनं सरकून जागा केली. इतक्या दिवसांत ह्या माणसाशी काय काय बोलायचं त्यानं ठरवून ठेवलं होतं, आणि आता त्यातलं काहीच आठवत नव्हतं. तो म्हणाला, उन्ह लई हाय. पिराजी म्हणाला, हाव, लई.

चांगुणा चुलीपासून उठली नाही. एकदा मागं वळून बघितलं, मग शिऱ्यात साखर घातली. शिरा त्या दिवशी फार गोड झाला. बहुतेक दोनदा घातली असावी.

महानंदाला काय करावं सुचेना तेव्हा ती म्हणाली, दादा, वाच. व्यंकटीनं शीट उघडली. वाचायची त्याला सवय नव्हती. आवाज खाली, अक्षरावर बोट ठेवून, शाळेतल्यासारखं वाचलं:

“त्या दिवशी वावटळ आली आणि मांडव उडाला. सगळे ताडपत्रीमागं पळाले. तुम्ही पळाला नाहीत. डोळ्यांत माती गेली तरी तिथंच उभे राहिलात, आणि एकमेकांकडं बघून हसलात. आमच्याकडं वाढायला मिलोची भाकर होती, दुसरं काही नव्हतं. तुम्ही ती पोटभर खाल्लीत. याला आज दहा वर्षं झाली. मला लग्नातलं काही कळत नाही. पण तुमचं ते हसणं मी डोळ्यांनी बघितलेलं आहे, ते खोटं नव्हतं. तुम्ही सुखी राहा. तुमचा भाऊ, व्यंकटी.”

कारकुनांनी टाळ्या वाजवल्या. महानंदा रडली, हे तिच्या मनासारखं झालं, पण ती नवऱ्याकडं न बघता बहिणीकडं बघून रडत होती. शेषेराव शेजारणीला वावटळीची गोष्ट समजावून सांगायला लागला आणि मध्येच थांबला, कारण नवऱ्या बदलल्याचं सांगावं की नाही हे त्याला कळेना. चांगुणा पळी धरून चुलीपुढं तशीच बसून होती. पिराजी जमिनीकडं बघत होता.

जेवणं झाल्यावर हात धुताना पिराजीनं व्यंकटीला बाजूला घेतलं.

“दादा, त्यात तुमी म्हणलं ते कोण?”

व्यंकटीनं ओले हात झटकले. तो म्हणाला, “त्या दिवशी जे हसले ते.”

पिराजीनं मान हलवली. मग तो चुलीपाशी गेला आणि चांगुणाला काहीतरी बोलला. तिनं पदराला हात पुसले आणि ती त्याला बसस्टँडवर सोडायला गेली. दोघं वाटेनं अंतर ठेवून चालत गेली, ती दोन पावलं मागं.

परत यायला तिला फार उशीर लागला. पारूबाई दर घडीला दारात जाऊन बघत होती. पोरगी गेली त्याच्याबरोबर, म्हणून एकदा खुश झाली आणि न सांगता कशी गेली म्हणून लगेच चिडली. चांगुणा आली ती एकटीच. औशाच्या गाडीत पारूबाई पुढच्या बाकावर पेंगत होती, तेव्हा खिडकीला डोकं टेकून चांगुणा आपणहून व्यंकटीला सांगायला लागली.

ती म्हणाली, मी विचारलं, माझं काय चुकलं होतं? तो म्हणाला, काही नाही. मग का नाही आलात? तर म्हणाला, त्यालाच कळंना. त्या हप्त्यात रजा मिळाली नाही. पुढच्या हप्त्यात येऊ म्हणाला, तर ताप आला. मग महिना लोटला, आणि आता उशीर कामून झाला म्हणून सगळे विचारतील, याचं भ्या वाटायला लागलं. जितका उशीर झाला तितकं भ्या वाढलं. तू गेला होतास मुदखेडला, तेव्हा तुझ्याबरोबरच निघणार होता म्हणे. पिशवीपण भरली होती. पण तू रागावला नाहीस, म्हणून त्याला जास्तच लाज वाटली.

व्यंकटीनं विचारलं, “मग आज कामून न्हाई गेलीस?”

“म्हणाला चल. मी म्हणलं, लुगडी औशाला हायत.” थोड्या वेळानं म्हणाली, “दादा, मला राग यायला पाहिजे होता का? राग यायलाच तयार न्हाई. आन गोडबी वाटंना.”

एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस बायकोला अडीच वर्षं ठेवून देतो, यावर विश्वास ठेवावा की नाही, हेच व्यंकटीचं ठरत नव्हतं. घरी जाऊन त्यानं पारूबाईला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, खोटं बोलतोय. दुसऱ्या दिवशी म्हणाली, तसंच असंल, त्याचा बापबी असाच होता.

जुलैत पिराजी औशाला आला आणि दुकानात ताडपत्रीखाली बसला. चांगुणाची एक पाटी अर्धी राहिली होती. तिनं ती पुरी केली, तोवर तो बसून होता. दुसऱ्या दिवशी दोघं मुदखेडला गेले. मग दिवाळीच्या आधी ती महिनाभर औशाला येऊन राहिली, काम आहे म्हणून, आणि परत आपली आपण गेली. पुढं हे तसंच चालू राहिलं. तिचं घर कुठलं, असं कुणी विचारलं तर व्यंकटी म्हणायचा, रेल्वेचं क्वार्टर हाय मुदखेडला, आणि एवढ्यावर थांबायचा.

इकडं लातूरच्या त्या कारकुनांनी बोलबाला केला. आमच्याही लग्नाचं लिहून द्या म्हणून माणसं दुकानात यायला लागली. व्यंकटी त्यांना स्टुलावर बसवून विचारायचा, त्या दिवशी काय झालं होतं? बरेचजण नुसतं डोकं खाजवायचे. मग तो त्यांना विरूपाक्ष गुरुजींचं चंदनाचं लिहून द्यायचा, निळ्या अक्षरात, लाल सावली देऊन. ते पुष्कळ खपलं.

पुढच्या वर्षी एप्रिलात मुदखेडहून निरोप आला. यंदा चांगुणाला पाहिजे होतं, फक्त दोघांचं, वेगळं. व्यंकटी शीट घेऊन बसला आणि पहिल्याच ओळीला अडला. लग्नाला अकरा वर्षं लिहायची, की मधली गेलेली वजा करून लिहायची? अकरा लिहिलं तर खोटं वाटेल, कमी लिहिलं तर लागेल. पारूबाई म्हणाली, आकडाच लिहू नको. महानंदा म्हणाली, अकराच लिही, वर काही बोलू नको. शेवटी चांगुणा औशाला आली तेव्हा त्यानं तिलाच विचारलं.

ती ‘किराणा’मधला ‘णा’ भरत होती. आधी तो पुरा भरला.

“अकरा लिही,” म्हणाली. “मधी मी काय कुणाची बायको नव्हते का?”

व्यंकटीनं अकरा लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं. खाली काय लिहावं, ते त्याला अजून सुचत नव्हतं.